माया भरपूर, तरी पिल्लू का दगावतं?

डिसेंबर २०२१मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर गाजलं. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छपरांवर नेतात आणि तिथून खाली टाकून मारतात, अशी ती बातमी होती. कुत्र्यांनी आधी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड, अशी कथाही तिला जोडली गेली. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातम्यांत अडीचशेपर्यंत चढला. गावात जाऊन विचारणाऱ्यांना मात्र त्याहून बराच कमी आकडा ऐकायला मिळाला. शेवटी नागपूरहून वनविभागाचं पथक आलं, दोन वानरं पकडली आणि जंगलात सोडण्यासाठी घेऊन गेलं. तोवर परदेशी वाहिन्यांनी या प्रकाराला टोळीयुद्ध ठरवून टाकलं होतं.

सुडाची गोष्ट रंगतदार खरी. पण त्याच दिवसांत कुत्र्याचं पिल्लू जवळ घेऊन कठड्यावर बसलेल्या वानराची दृश्यंही फिरत होती. मारायचंच असेल तर इतका वेळ सांभाळत कशाला बसायचं? वानराला हेतू विचारता येत नाही; त्याच्याजवळ गेलेलं पिल्लू मरतं कसं, हे मात्र सांगता येतं. वानराचं पिल्लू जन्मल्यापासून आईच्या पोटावरचे केस मुठीत धरतं. आई उडी मारते तेव्हा धरून ठेवण्याचं अर्धं काम पिल्लूच करत असतं, आणि भूक लागली की स्तन तोंडाशीच असतो. टोळीतल्या दुसऱ्या माद्याही ते पिल्लू उचलून घेऊन हिंडतात आणि काही वेळानं ते आईकडे परत जातं. कुत्र्याच्या पिल्लाला मूठ नसते. छपराच्या कडेला ठेवलं की ते घरंगळतं. नाही घरंगळलं तरी वर दूध नाही, पाणी नाही, उतरायला वाट नाही.

लवूळच्या वानरांना नावं ठेवण्याआधी जरा आपल्याकडे बघू. फडात सशाचं पिल्लू सापडतं, वादळात पिंगळ्याचं पिल्लू अंगणात पडतं, बांधाकडेला हरणाचं पाडस एकटंच बसलेलं दिसतं. आपण ते उचलतो, घरी आणतो, वाटीत गायीचं दूध आणि कापसाची वात घेऊन बसतो. पोरं गोळा होतात, फोटो निघतात. दोन-चार दिवसांत पिल्लू मरतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

## आधी बघा, ते अनाथ आहे का

ससाकुळातल्या अनेक माद्या पिल्लांजवळ बसून राहत नाहीत. दिवसातून एकदा, तेही अंधार पडल्यावर, काही मिनिटांसाठी येऊन पाजतात आणि निघून जातात. कारण साधं आहे. पिल्लाला वास फार थोडा, आईला भरपूर. ती जवळ राहिली तर कोल्ह्याला पत्ता सापडतो. काळवीट आणि चिंकाऱ्याच्या माद्याही पाडसाला गवतात दडवून लांब चरत राहतात. पाडस मान जमिनीला टेकवून निश्चल पडून राहतं. आपल्याला ते टाकून दिलेलं वाटतं, प्रत्यक्षात ते आईचा हुकूम पाळत असतं. पिंगळ्याची पिल्लंही नीट उडता येण्याआधीच ढोलीतून बाहेर पडतात. खाली पडलेलं पिल्लू जखमी नसेल तर त्याच झाडाच्या फांदीवर ठेवलं की पुरतं.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत. तिला सगळ्यात मोठं उत्तर उसाच्या फडातूनच मिळालं आहे. ऊस वर्षभर उभा असतो, दाट असतो, आत पाणी असतं. पश्चिम महाराष्ट्रात बिबट्याची मादी त्यालाच जंगल समजून विते, आणि गाळप हंगामात टोळी तोडत तोडत मधोमध पोचते तेव्हा पाचटात बछडे सापडतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन तोडीला जातात. हे बछडे सर्वांत आधी बघणाऱ्यांत आपलीच माणसं असतात. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रातले वाइल्डलाइफ एसओएसचे डॉक्टर आणि वनविभाग अशा बछड्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ते सापडलेल्या जागीच उघड्या पेटीत ठेवतात. लांबवर कॅमेरे लावून सगळे बाजूला होतात. रात्री मादी येते, मानगूट धरून एकेकाला घेऊन जाते. ठिपकेवाल्या छोट्या वाघाटीची पिल्लंही याच पद्धतीनं आईकडे पोचली आहेत. हातमोजे घातलेल्या माणसांनी उलटसुलट करून तपासलेली पिल्लं मादी नेते, तर तुमच्या एका स्पर्शानं काही बिघडत नाही.

तेव्हा अंगावर जखम नाही, माश्या घोंगावत नाहीत, अंग गार पडलेलं नाही, आई मेलेली दिसत नाही, अशा पिल्लाला वाचवण्याचा उत्तम उपाय म्हणजे तिथून निघून जाणं. त्या तुकड्यातली तोड पुढच्या दिवसावर ढकलता आली तर आणखी चांगलं. उक्त्यावर राबणाऱ्या टोळीला हे सांगणं सोपं नाही, याची कल्पना आहे.

## आधी ऊब, मग पाणी, मग अन्न

आता खरोखर आजारी किंवा अनाथ प्राण्याकडे वळू. वन्यप्राण्यांवर उपचार करणारे जगात कुठलेही असोत, एक क्रम मोडत नाहीत: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. आपण घरी नेमकं उलटं करतो.

जीव जितका छोटा तितकी वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. तान्ह्या पिल्लाला तर थरथरून अंग तापवताही येत नाही. अंग गार पडलं की आतडं थंडावतं. अन्न पुढे सरकत नाही, पाचक रसांचं काम मंदावतं, रक्त कातडीकडून आणि आतड्याकडून काढून हृदय-मेंदूकडे वळवलेलं असतं. अशा वेळी पोटात दूध घालणं म्हणजे विझलेल्या चुलीवरच्या तव्यात भाकरी टाकणं. दूध पोटात पडून राहतं, आंबतं, पोट फुगतं. शिवाय गार पिल्लाची गिळण्याची ताकद गेलेली असते. थेंब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. फुप्फुसात गेलेल्या दुधामुळे न्यूमोनिया होतो आणि पिल्लू एक-दोन दिवसांनी, दूध पिऊन 'बरं वाटत असताना' जातं.

ऊब द्यायची तीही बेतानं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. चुलीपुढे धरणं किंवा उन्हात ठेवणं नको. मराठवाड्यात या नियमाला अपवादही आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो तेव्हा घारी, पोपट, घुबडं धापा टाकत खाली पडतात. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून गळा हलवत तो आतली वाफ बाहेर टाकतो, म्हणजे शरीरातलं पाणी खर्च करूनच स्वतःला थंड ठेवतो. पाणी संपलं की उपाय संपला. त्याला सावली आणि हवा हवी, ऊब नव्हे.

पाणी दुसरं का? उपाशी प्राणी बहुधा तहानलेलाही असतो. त्याचं रक्त दाट झालेलं असतं, मूत्रपिंडं थकलेली असतात. जाणकार म्हणून आधी क्षार आणि साखर मिसळलेलं पाणी देतात, बहुतेकदा सुईनं कातडीखाली. अन्न त्यानंतर, तेही थोडं थोडं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर वाढलं तर इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली कितीतरी माणसं भरल्या ताटानं दगावली, तेव्हा हे डॉक्टरांच्या नीट लक्षात आलं.

## गायीचं दूध का चालत नाही

विलायतेत हेजहॉग नावाचा वीतभर लांबीचा काटेरी प्राणी घरांच्या बागांत हिंडतो. तो किडे, गोगलगायी, गांडुळं खातो. त्याचे भाऊबंद आपल्याकडे राजस्थान-कच्छच्या कोरड्या रानांत आणि खाली तमिळनाडूकडे आहेत. आपल्या साळिंदराशी त्याचं काट्यांपलीकडे नातं नाही. साळिंदर उंदीर-खारींच्या गोतातलं. इंग्रज माणसाला हेजहॉगचा भारी लळा. बीअट्रिक्स पॉटरनं १९०५मध्ये मिसेस टिगीविंकल नावाची धोबीण हेजहॉग रंगवली आणि पुढे लेस स्टॉकर यांनी उभारलेल्या बकिंगहॅमशायरमधल्या वन्यप्राण्यांच्या रुग्णालयालाही तिचंच नाव मिळालं. आजारी हेजहॉग घरी आणून, रोज वजन करून, थंडीत झोपी जाण्याआधी त्याला पुरेसा जाडजूड करणारी माणसं तिथे गावोगाव आहेत. पण याच लळ्यापोटी पिढ्यान् पिढ्या लोक रात्री दाराबाहेर दूध-पावाची बशी ठेवत आले. हेजहॉग ती चाटूनपुसून साफ करायचे आणि हगवणीनं मरायचे.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती आतड्यातून रक्तात जायची तर आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात आणि ते काम करणारा पाचक पदार्थ प्रत्येक जातीच्या पिल्लात आपल्या आईच्या दुधाला पुरेल इतकाच असतो. १०० ग्रॅम गायीच्या दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज आणि ३.५ ते ४ ग्रॅम चरबी असते. सशाच्या दुधात चरबी त्याच्या तिपटीहून अधिक, प्रथिनंही बरीच जास्त, लॅक्टोज मात्र नावाला. हेजहॉगच्या दुधाचंही तसंच. दिवसातून एकदाच पाजायचं तर दूध घट्ट हवं, हे उघड आहे.

आता सशाच्या पिल्लाला गायीचं दूध पाजलं की दोन गोष्टी एकदम घडतात. पोट भरतं पण पोषण होत नाही. आणि न फुटलेली साखर आतड्यात पडून राहते, आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते, मग जंतू ती आंबवतात, वायू धरतो, जुलाब लागतात. १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगातून १० मिलिलिटर पाणी गेलं तर ते किती, याचा हिशेब करून बघा. ५० किलोच्या माणसाच्या अंगातून ५ लिटर गेल्याइतकं.

दुधात पाणी घालून पातळ करणं हा आपला आवडता तोडगा. त्यानं लॅक्टोज कमी होतं खरं, पण आधीच कमी असलेली चरबी आणखी पातळ होते. केंद्रांत म्हणून प्राण्यागणिक वेगळं पिल्लांचं दूध वापरतात.

दूध बरोबर मिळालं तरी एक गोष्ट घरच्यांना सहसा ठाऊक नसते. मांजर, खार, ससा अशा अनेकांची तान्ही पिल्लं आपण होऊन लघवी-शी करू शकत नाहीत. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते. आईची जीभ नसेल तर दर पाजण्यानंतर ओल्या कापसानं हळू पुसून ती करवावी लागते. पोट टम्म फुगलंय, पिल्लू कण्हतंय, आणि आपण खुश की आज चांगलं प्यालं.

पक्ष्यांना दूध अजिबात नको. त्यांच्या सृष्टीत लॅक्टोज हा पदार्थच नाही. पाणीही चोचीत ओतायचं नाही. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, तिथे वरून ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. घरट्यातल्या पिल्लांना पाणी मिळतं ते किड्यांतून, फळांतून.

चौकट : पहिल्या तासाभरात
▪ भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत सुती फडकं, वर झाकण. अंधार आणि शांतता.
▪ अंग गार असेल तर एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट बाटली. उन्हानं पडलेला पक्षी असेल तर सावली आणि हवा.
▪ तोंडात काहीही घालू नका.
▪ सापडलेली नेमकी जागा लक्षात ठेवा. परत सोडायला तीच लागते.
▪ वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा.
▪ सस्तन प्राणी चावला, ओरखडला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. दिवसाढवळ्या माणसाला न घाबरणारा कोल्हा किंवा मुंगूस 'गरीब' नसतो, त्याला हात लावू नका.

## गप्प बसलंय म्हणजे निवांत नाही

विहिरीत पडलेलं काळवीट गाव मिळून बाहेर काढतं. दोर, बाज, आरडाओरडा, मग डोक्यावरून हात फिरवणं. काळवीट मान टाकून गप्प असतं. लोकांना वाटतं, त्याला कळलं की ही आपली माणसं आहेत. त्याला कळलेलं असतं ते इतकंच की आपण पकडले गेलो.

शिकार होणाऱ्या प्राण्याच्या शरीरात भीतीनं काय होतं ते बघा. पळायला म्हणून स्नायू पूर्ण ताकदीनं आवळले जातात, पण जागा नाही. प्राणवायू कमी पडतो, आम्ल साठतं, अंग तापतं आणि स्नायूंचे तंतू तुटू लागतात. त्यांतला लाल द्रव्याचा भाग रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो. पोटॅशियमही उतरतं, ते हृदयाला घातक. हरीण कधी तासाभरात मरतं, कधी चांगलं उठून चालू लागतं आणि चार दिवसांनी शेतात मेलेलं सापडतं. म्हणून डोळ्यांवर फडकं टाकणं, गर्दी हटवणं, बोलणं बंद करणं याला उपचारांत औषधाइतकंच स्थान आहे. त्याला कुरवाळतानाचा व्हिडिओ हा माझ्या मते छळच आहे, त्यावर कितीही हृदयं उमटोत.

## लळा लागला की परतीची वाट बंद

शरीरानं वाचलेला प्राणी मनानंही रानातला राहायला हवा. कोन्राड लोरेन्झ यांनी दाखवून दिलं की अंड्यातून निघालेली हंसाची पिल्लं पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं दिसेल त्यालाच आई मानतात. ती लोरेन्झ यांच्या मागे रांगेनं चालत. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. गमतीचा वाटणारा हा प्रकार मोराच्या पिल्लाच्या बाबतीत जिवावर बेततो. बांधावर सापडलेली अंडी कोंबडीखाली उबवली तर निघणारा मोर कोंबड्यांत वाढेल, कुत्र्यापासून पळायला शिकणार नाही आणि वयात आल्यावर लांडोरीपुढे पिसारा फुलवेलच याची खात्री नाही.

मोठेपणी लागलेला लळाही सुटत नाही. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका माणसानं २०२२मध्ये जखमी सारस बरा केला आणि तो त्याच्या दुचाकीमागे उडत जाऊ लागला. देशभर कौतुक झालं. मार्च २०२३मध्ये वनविभागानं सारस ताब्यात घेऊन आधी अभयारण्यात आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेला. लोक वनविभागावर चिडले. पण माणसांवर भरवसा ठेवणारा पक्षी उद्या दुसऱ्याच कुणाच्या अंगणात उतरेल, आणि तिथे दगड तयार असेल, हा विचार त्या रागात हरवला.

म्हणूनच चांगल्या केंद्रांत एकाच जातीची पिल्लं एकत्र ठेवतात, एकट्याला वाढवत नाहीत. त्यांच्यासमोर बोलत नाहीत, त्यांना नावं देत नाहीत, भरवणारा माणूस आडून भरवतो.

## मग घरी ठेवायचंच नाही?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या बाबतीत स्पष्ट आहे. पकडणं हेसुद्धा त्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. कलम ३९प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि तो हाती आलेल्यानं ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. आजारी हेजहॉग बरा करून सोडण्यापुरता घरी ठेवण्याची मुभा इंग्रज माणसाला त्याचा कायदा देतो, आपला देत नाही. माझ्या मते आपलं ठीक आहे. आपल्याकडे पिंजऱ्यातला पोपट अजून शोभेची वस्तू मानला जातो. अशी सवलत मिळाली असती तर 'उपचार चालू आहेत' म्हणत कितीतरी पोपट जन्मभर आजारी राहिले असते.

बीड जिल्ह्याला एक सोय मात्र अशी आहे की जी पुष्कळ जिल्ह्यांना नाही. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याचं सर्पराज्ञी वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. सापांपासून मोर-हरणांपर्यंत जखमी, आजारी, पोरके झालेले जीव तिथे येतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांची साधनं नसलेल्या, दुष्काळी भागात हे काम उभं राहिलं आहे, आणि तिथल्या परिसरासारखंच रान बाहेर असल्यानं सोडलेल्या प्राण्याला ते परकं नसतं.

सोडणं हा तर उपचाराचा सगळ्यात अवघड भाग. जखम भरली एवढ्यावर कुणाला सोडत नाहीत. नायलॉन मांजानं पंख कापलेली घार मोठ्या पिंजऱ्यात वळून, चढून, अलगद उतरून दाखवते का, हे बघतात. सरळ उडता आलं पण वळता आलं नाही तर ती उपाशी मरेल. पिंगळ्याला हलतं भक्ष्य धरता यावं लागतं. रोजच्या वजनाची नोंद वाढती किंवा स्थिर हवी. काही प्राण्यांना आहे त्याच जागी पिंजऱ्याचं दार उघडून ठेवतात आणि बाहेर थोडे दिवस खाणं ठेवतात. कुणी दोन रात्रींत जातं, कुणी आठवडा लावतं. निशाचरांना तिन्हीसांजेला सोडतात, दिवसा उडणाऱ्यांना सकाळी लवकर, म्हणजे लपायला जागा शोधायला पुरा वेळ मिळतो. ऐन उन्हाळ्यात, नाले कोरडे असताना, बरा झालेला प्राणीसुद्धा पाऊस पडेपर्यंत थांबवून ठेवावा लागतो.